डावीकडे, रोज, थोडी

मोजल्याशिवाय बोलू नये, हे मी एकतीस वर्षे तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्यांना आणि अडतीस वर्षे पत्नीला सांगत आलो. विद्यार्थ्यांनी ते परीक्षेपुरते तरी ऐकले. पत्नी म्हणे, "अहो, भूक लागली हे कळायला काटा-तराजू लागतो का?" या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर माझ्यापाशी आहे, परंतु ते ऐकून घेणारे माणूस आता घरात नाही. सात महिन्यांपूर्वी ती गेली. हृदय, असे डॉक्टर म्हणाले, आणि तेही काही पूर्वसूचना न देता. हे तिच्या स्वभावाला धरून नव्हते. ती नेहमी सूचना देत असे. ऐकत मी नसे.

मागे राहिली तिची गाडी. वाहन चालवण्याचा परवाना माझ्यापाशीही आहे. मात्र मी नियमाने चालवतो, त्यामुळे माझ्या शेजारी बसण्यास कोणी राजी नसते. एकदा आमच्याच रस्त्यावर एका काठी टेकत चाललेल्या आजीबाईंनी मला मागे टाकले आणि वर वळून, "दमलात का?" अशी चौकशी केली. तेव्हापासून गाडी तिची आणि गाडीविषयीचे ज्ञान माझे, अशी कामाची वाटणी झाली होती.

त्या गाडीविषयी तिची एकच तक्रार होती. "गाडी डावीकडे ओढते."

मी सांगितले, "गाडी ओढत नाही. तू धरतेस तशी ती जाते."

ही तक्रार तीन वर्षे चालू होती. अखेर मी पद्धतशीर मार्ग काढला. एक शंभरपानी वही आणून तिच्यात पट्टीने रकाने आखले: दिनांक, ठिकाण, दोषाचे स्वरूप, तीव्रता (दहापैकी), तपासणाऱ्याचा शेरा. वही तिच्या हाती देऊन मी म्हणालो, "आता तक्रार कर." तिने चष्मा लावला आणि उभ्या-उभ्याच पहिली ओळ भरून टाकली. दिनांक: रोज. ठिकाण: कुठेही. स्वरूप: डावीकडे ओढते. तीव्रता: थोडी.

शेवटच्या रकान्यात मी लाल शाईने लिहिले: "अपूर्ण. पुन्हा भरा." तिने पुन्हा भरली नाही. उरलेली वही कोरीच राहिली, आणि मी समजलो की तक्रार मिटली.

गेल्या महिन्यात मुलगी चार दिवस राहायला आली होती. ती गाडी घेऊन स्थानकापर्यंत जाऊन आली आणि किल्ली टेबलावर ठेवत म्हणाली, "बाबा, गाडी डावीकडे ओढते हो."

सवयीने माझ्या तोंडून निघून गेले, "तू आईसारखीच धरतेस."

तिने टेबलावरची किल्ली पुन्हा उचलली. मग म्हणाली, "आईचा खांदा आठवतो तुम्हाला?"

आठवत होता. उजवा. तो दुखायचा, तिच्या मते गाडीमुळे आणि माझ्या मते वयामुळे. त्यावर चोळायचे तेल मीच आणून देत असे. त्या बाबतीत मी कधी कुचराई केली नाही.

"मला गाडी द्या," मुलगी म्हणाली. "नवीन घेता येते मला, तो प्रश्न नाही. आईची आहे म्हणून हवीय. पण आधी सरळ करून द्या. तसला खांदा मला नकोय. पुढच्या रविवारी येते न्यायला."

ती गेल्यावर मी गाडी घेऊन गोदामांच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर गेलो. वाटले होते, दोष नाही हे एकदा सिद्ध करून तिला कळवावे. रस्त्यावर खडूने शंभर मीटरची रेघ आखली, वेग ठरवून घेतला आणि स्टेअरिंगवरून हात उचलले. एक मीटर वीस सेंटिमीटर, डावीकडे. दुसऱ्यांदा एक मीटर अठरा. तिसऱ्यांदा पुन्हा वीस. वारा नाही, उतार नाही, टायरमधील दाब समान.

मोजून झाले होते. म्हणजे आता बोलण्यास हरकत नव्हती; परंतु बोलायचे कोणाशी, हे कळेना. दोष गाडीत कसा शिरला हे तरी कळावे, या एका इच्छेने मी कामाला लागलो. माझ्या वयाच्या माणसाला दुसरे काय उरते? कोण बरोबर होते, एवढे तरी कळून जावे.

वाचकांच्या माहितीसाठी सांगतो. पूर्वी गाडीचे चाक माणसाच्या दंडाच्या बळावर वळे. आता एक विजेची मोटर माणसाला ते वळवण्यास मदत करते. मात्र त्या मोटरीला 'सरळ' म्हणजे कुठे, हे एकदा नेमून द्यावे लागते. हे तिचे शून्य. शून्य चुकले, तर मोटर काम बंद करत नाही. ती मनापासून मदत करतच राहते, पण भलत्या दिशेने. अशा मदतीचा अनुभव संसारात बहुतेकांना असतो. मदत करणाऱ्याला तो सर्वांत शेवटी येतो.

खडूची रेघ तळमजल्याच्या दंतवैद्यांनी पाहिली होती. संध्याकाळपर्यंत ती बातमी इमारतभर झाली.

"काकू म्हणायच्याच की," आमच्या सोसायटीचे सचिव जिन्यात मला गाठून म्हणाले. "मला दोनदा सोडलं होतं त्यांनी दवाखान्यात. म्हणायच्या, हिला उजवीकडे धरून ठेवावं लागतं, नाहीतर ही मला गटारात घेऊन जाईल."

"मलाही म्हणाल्या होत्या," दंतवैद्य म्हणाले. "मी म्हटलं, घरात एवढे तज्ज्ञ असताना मला काय विचारता? तर हसल्या नुसत्या."

अख्ख्या इमारतीला जे ठाऊक होते, ते या इमारतीतील एकमेव पात्र व्यक्तीला ठाऊक नव्हते. मी घसा साफ केला आणि विषय तांत्रिक बाजूकडे नेला. तिथेच माझा घात झाला; कारण तांत्रिक बाजू निघताच दंतवैद्यांना सल्ला सुचला.

"बॅटरीची तार काढा, दहा मिनिटं थांबा, परत लावा. आमची खुर्ची अशीच ठिकाणावर येते."

खुर्ची आणि गाडी यांतील फरक मी त्यांना समजावून सांगितला. दुसऱ्या दिवशी, आसपास कोणी नाही असे पाहून, बॅटरीची तार काढली. दहा मिनिटांनी ती परत लावताच गाडीने बोंब ठोकली. चोरापासून रक्षण करणारा भोंगा, मालकिणीच्या नवऱ्याला चोर समजून, संपूर्ण ताकदीने वाजू लागला. किल्लीवरचे बटण दाबले तर किल्लीतला सेल उतरलेला. सगळ्या गॅलऱ्या भरल्या. सचिव वरून ओरडले, "काका, बंद करा ते!" मी खालून ओरडलो, "प्रयत्न चालू आहे!" सतरा मिनिटांनी भोंगा आपण होऊन दमला. मग मी गाडी सुरू केली, तेव्हा पुढच्या फळीवर एक पिवळा दिवा लागला: छोटेसे चाक आणि शेजारी उद्गारचिन्ह. स्टेअरिंग दगडासारखे जड झाले होते. ते उद्गारचिन्ह मला व्यक्तिशः लागले.

मंगळवारी मी कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रात गेलो. तिथली स्वागतिका अतिशय सभ्य होती. तिने गाडीचा क्रमांक टाकला आणि म्हणाली, "मॅडमच्या मोबाइलवर एक नंबर येईल, तो सांगा."

मॅडमचा मोबाइल मी बंद करून टाकला होता. जे जे बंद करायचे त्याची यादी करून, पहिल्याच महिन्यात.

"मॅडम आता नाहीत," मी म्हणालो.

"बाहेर आहेत का?"

"नाही. वारल्या."

तिचा चेहरा खरोखरच पडला. "सॉरी, काका." मग तिने पडद्याकडे पाहिले, आणि पडदा काही सॉरी नव्हता. "इथं भरावं लागतंय. मालक उपलब्ध नसल्याचं कारण. प्रवासात, कामात किंवा इतर."

"इतर," मी म्हणालो.

"पुढं आहे, पुन्हा केव्हा उपलब्ध होतील. हे सोडताच येत नाही."

आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना रकाना रिकामा सोडू दिला नव्हता. त्या रकान्याकडे मी किती वेळ पाहत राहिलो, सांगता येत नाही. मागे रांग होती. शेवटी तीच हळू आवाजात म्हणाली, "काका, मी पुढचा सोमवार टाकते हं. नाहीतर पुढंच जात नाही. तुमचाच नंबर देते." मी मान हलवली. सोमवार टाकल्यावर पडदा पुढे गेला आणि त्याने सांगितले की, गाडी वारसाच्या नावावर झाल्याखेरीज काम घेता येणार नाही.

बुधवारी वाहन नोंदणी कार्यालयात गेलो. तिथल्या निरीक्षकांनी कागद तपासले. मी ते क्रमवार लावून, खुणेच्या चिठ्ठ्या चिकटवून नेले होते. त्यांनी चिठ्ठ्या आधी काढून टाकल्या. मग ते गाडीपाशी आले, आत डोकावले आणि थबकले.

"दिवा लागलाय."

"तो दुरुस्त करण्यासाठीच गाडी मुलीच्या नावावर करायची आहे."

"दिवा असताना नावावर होत नाही. आधी दुरुस्त करून आणा."

"सेवाकेंद्र म्हणते, आधी नावावर करा."

"बरोबरच आहे त्यांचं," निरीक्षक म्हणाले. थोडा विचार करून त्यांनी भर घातली, "आमचंही बरोबर आहे."

दोन बरोबर विधानांच्या मध्ये मी माझे जड स्टेअरिंग घेऊन उभा होतो. घरी आलो तेव्हा माझाही उजवा खांदा ठणकत होता. एका दिवसात. तेलाची बाटली अजून तिच्याच कपाटात होती. मी ती बाहेर काढली, आणि न उघडताच परत ठेवली.

सचिवांना माझी दया आली असावी. "काका, मान खाली घाला आणि सरळ्याकडे जा," ते म्हणाले.

सरळ्या हे त्या मेकॅनिकचे टोपणनाव. तो फक्त स्टेअरिंगची कामे करी. गुरुवारी सकाळी मी त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोहोचलो. पन्नाशीचा, स्थूल, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तेलाचे डबे अस्ताव्यस्त असतील या अपेक्षेने मी गेलो होतो. परंतु जमीन पाण्याच्या पातळीने समतल केलेली होती आणि दोन्ही भिंतींवर रंगाच्या बारीक रेघा होत्या. मी मनातल्या मनात त्याला प्रथम श्रेणी दिली.

"गाडीतलं सामान काढा," तो म्हणाला. "आणि काका, तुम्हीपण उतरा. वजनानं फरक पडतो."

हे बरोबर होते, तरी जरा लागले. त्याने चारही चाकांतली हवा मोजली, दोन्ही बाजूंनी दोरा ताणला, पुढची चाके दोऱ्याला समांतर केली आणि मग गाडीच्या पोटात आपले यंत्र जोडले. बराच वेळ आकडे वाचून तो हसला.

"याला कुणीतरी चुकीचं शिकवलंय."

"म्हणजे? बिघाड नाही?"

"बिघाड कसला? हे बिचारं शिकवलं तसं चाललंय. सरळ म्हणजे काय, हे त्याला पोटातून थोडंच येतं? चाक पूर्ण डावीकडे न्यायचं, मग पूर्ण उजवीकडे, आणि मधोमध जे येईल ते हे सरळ धरतं. बघा इथं. डावीकडे पाचशे चाळीस अंश आणि उजवीकडे पाचशे सोळा. चोवीस अंश कमी. पुढचा टायर कशाला तरी अडला असणार. करणाऱ्यानं बघितलंच नाही, आणि म्हणाला असेल, झालं! मग याचं मधोमध बारा अंश डावीकडे सरकलं." त्याने चष्मा काढला. "कोण होता तो शहाणा?"

"हे केव्हा झाले, ते कळते का?"

"किलोमीटर दिसतात. एक्केचाळीस हजार तीनशे सहा."

गाडीची देखभाल-नोंदवही माझ्या खिशात असते. मी ती उघडली. पाने उलटण्याची गरज नव्हती, तरी क्रमाने उलटत गेलो. ४१,३०६ कि.मी. बॅटरी बदलली. स्टेअरिंगचे शून्य स्वतः जुळवले. यशस्वी. 'यशस्वी'खाली दोन रेघा होत्या. पट्टीने मारलेल्या.

मग मला ती दुपार दिसली. इमारतीच्या खाली, आमच्या जागेवर, उजव्या अंगाला सिमेंटचा कट्टा. मी आत बसून चाक फिरवत होतो. ती बाहेर उभी होती, हातात भाजीची पिशवी, दृष्टी पुढच्या टायरवर. "अहो, चाक कट्ट्याला लागलंय. गाडी जरा पुढं घ्या ना."

मी काचेतून म्हणालो होतो, "तू मला शिकवू नकोस."

ती म्हणाली होती, "बरं."

"काका?" सरळ्या विचारत होता. "ओळखीतलं आहे का कुणी?"

"जुनी ओळख आहे," मी म्हणालो.

"मग सांगा त्यांना. पण चालवायचं कोण ही गाडी?"

"माझी पत्नी."

"तीन-साडेतीन वर्षं? मग बाईंनी कमालच केली म्हणायची. हे बघितलं का?" त्याने स्टेअरिंगच्या कव्हरवर बोट ठेवले. उजव्या बाजूला, बोटभर रुंदीच्या एकाच जागी, कव्हर झिजून गुळगुळीत आणि फिकट झाले होते. "सगळं कव्हर नव्यासारखं आणि इथंच गेलंय. सारखं धरून ठेवलंय त्यांनी. गाडी सरळ जात होती ती मोटरीमुळं नाही, त्या हातामुळं."

मी त्याच्या आधी हजार वेळा त्या गाडीत बसलो होतो. टायरची झीज मी दर तीन महिन्यांनी मोजत असे, मिलिमीटरमध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत. कव्हरची झीज मोजायचे मला सुचले नव्हते.

"आता शिकवूया याला नीट," तो म्हणाला. "बसा आत. सांगेन तेव्हा पूर्ण डावीकडे. मग पूर्ण उजवीकडे, टायर अडला तर बोलतो मी. बोललो की ऐका मात्र."

"ऐकतो," मी म्हणालो.

डावीकडे नेले. उजवीकडे नेले. तो पुढच्या चाकाशी वाकून उभा होता, अगदी ती उभी होती तिथेच. "अजून. अजून. बास." मग चाक मध्यावर आणले. "आता सोडा."

यंत्रावर काही उमटेना.

"काका, हात काढा."

मी खाली पाहिले. माझा उजवा हात त्या झिजलेल्या जागेवर होता. माझी बोटे तिच्यात नेमकी मावत नव्हती. तिचा हात लहान होता.

"हात असला की ते हातालाच सरळ समजतं," सरळ्या म्हणाला. मग तो थांबला. माझ्याकडे न पाहता त्याने चष्मा पुसायला घेतला, आणि तो बराच वेळ पुसत राहिला. "तुम्हाला जमेल तेव्हा काढा. घाई नाही."

मी हात काढला. यंत्र एकदा बारीक वाजले आणि पिवळा दिवा विझला. तिने तीन वर्षे केलेल्या कामाला आठ सेकंद लागले. मी मोजले.

शुक्रवारी निरीक्षकांनी फळीकडे एक नजर टाकून गाडी मुलीच्या नावावर केली. स्टेअरिंगला त्यांनी हातही लावला नाही. त्यांचेही बरोबर होते.

रविवारी मुलगी आली. गोदामांच्या मागे एक फेरी मारून आली आणि तिचा चेहरा उजळला. "बाबा, बोट लावलं तरी सरळ जाते! काय होतं शेवटी?"

उत्तर मी शनिवारीच लिहून ठेवले होते, मुद्देसूद. ते खिशातच राहिले. "तुझ्या आईचे बरोबर होते," मी म्हणालो. "गाडीला चुकीचे शिकवले होते. मी. आणि तिने मला तेव्हाच सांगितले होते."

ती गाडीत बसली, काच खाली केली. नवे कव्हर मी आणून ठेवले होते. ते तिने माझ्या हाती परत दिले. "हेच राहू दे," ती म्हणाली. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि रस्त्याच्या टोकापर्यंत सरळ गेली. सचिव गॅलरीतून म्हणाले, "व्वा, काका! जमवलंत की!" मी त्यांना हात केला.

सोमवारी अकरा वाजता फोन आला. सेवाकेंद्रातून, वेगळाच आवाज.

"सर, मॅडम आज उपलब्ध होणार होत्या. आल्या का?"

"नाही."

"मग पुढची तारीख टाकू?"

"नको. काम झाले दुसरीकडे."

"ठीक आहे सर, तक्रार बंद करते. फक्त तक्रार काय होती ते टाकावं लागतं. काय होत होतं गाडीला?"

माझ्यापाशी सर्व आकडे होते. शंभर मीटरला एक मीटर वीस सेंटिमीटर. बारा अंश. एक्केचाळीस हजार तीनशे सहा. मी तोंड उघडले आणि म्हणालो, "डावीकडे ओढते."

"कधी कधी, का नेहमी?"

"रोज."

"किती?"

"थोडी," मी म्हणालो.

पलीकडे बटणांचा आवाज आला. "झालं सर."

"एवढे पुरते?" मी विचारले. "यात काही अपूर्ण नाही?"

"नाही सर, एवढंच लागतं. थँक्यू."

मी ती शंभरपानी वही काढली. पहिल्या पानावरचा लाल शेरा पट्टी ठेवून खोडला आणि त्याच्या खाली निळ्या शाईने लिहिले: "तक्रार खरी. दोष तपासणाऱ्याचा." सही केली, दिनांक घातला. जागा अजून उरली होती, म्हणून खांद्याविषयी काही लिहावे असे मनात आले. मी रकाने डावीकडून उजवीकडे वाचत गेलो. दिनांक, ठिकाण, स्वरूप, तीव्रता, शेरा.

खांद्याचा रकाना मी आखलाच नव्हता.